मोटारींचे नंबर आणि तात्यांचं सुतक

डीपीतलं तेल खाली मातीत झिरपून काळा डाग पडला होता आणि त्या डागाभोवती माणसं उभी होती. मी मोटारसायकल स्टँडवर लावली. एरवी या वस्तीवर चहा घेतल्याशिवाय मला कोणी सोडत नसे. त्या दिवशी चहाचं नाव निघालं नाही. बाजीरावांनी फक्त वर बोट केलं.

"जळाली," ते म्हणाले. "तुमचं कॉम्प्युटर लावूनबी जळाली."

डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर. वरच्या मोठ्या दाबाची वीज खाली उतरवून तो विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारींना देतो. कळंबच्या पुढे, घोड नदीच्या अंगाला ही वस्ती आहे. तिथल्या डझनभर मोटारी या एका डीपीवर चालत. एकदा जळाली की नवी मिळेपर्यंत ऑफिसच्या खेपा घालायच्या आणि डोळ्यांदेखत पीक वाळताना बघायचं.

मी मंचरला मोटारींचे स्टार्टर पॅनल बनवतो. त्याआधी, नव्वदच्या दशकात, भोसरीतल्या एका कंपनीत टायमर कार्डं बनवण्याच्या खात्यात होतो. तिथे माझ्या टेबलावर एक सँडपेपर असायचा. कार्डावरच्या चिपचे नंबर घासून काढायचे, म्हणजे दुसऱ्या कोणाला नक्कल करता येऊ नये, यासाठी. या कामाला आमच्याकडे 'आर अँड डी' म्हणत.

वस्तीचं दुखणं जुनं होतं आणि सगळ्या तालुक्याचंच होतं. लोडशेडिंगमुळे मोटारीला लागणारी थ्री फेज वीज कधी येईल याचा नेम नसे. म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला. ऑटो म्हणजे वीज आली की थोडं थांबून आपोआप मोटार चालू करणारी डबी. शेतकरी घरी असो की लग्नाला, मोटार चालू होते. अडचण एवढीच की सगळ्यांच्या डब्या एकाच दुकानातून आणलेल्या. सगळ्या सारख्याच थांबायच्या आणि एकाच क्षणी सुरू व्हायच्या. मोटार सुरू होताना, पहिले काही क्षण, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. भरल्या गाडीला बसल्या जागेवरून हलवताना बैल जसा जोर लावतो, तसं. अशा डझनभर मोटारींनी एकदम जोर लावला की डीपीचं कंबरडं मोडतं.

मध्ये फ्यूज असतो, तो जायला पाहिजे. तो जायचाच. मग रोज कोण डीपीवर चढणार, म्हणून कोणीतरी त्याच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार अडकवली होती. ती तार काही वितळत नव्हती. तिच्याऐवजी डीपी वितळत होती.

"माझं काय नुकसान न्हाई," सय्यदभाई म्हणायचे. ते मंचरला माझ्या शेजारच्या गाळ्यात जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळतात. "एक डीपी जळाली की चार मोटारी माझ्याकडं येतात. तू हे सुधरवायला निघाला म्हणजे माझ्या पोटावर पाय देतोय, राव." असं म्हणून त्यांनीच मला या वस्तीवर नेलं होतं.

तेव्हा नुकतीच ती नवी बोर्डं बाजारात दिसायला लागली होती. तळहाताएवढं निळं कार्ड. त्यावर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. लॅपटॉपला वायरने जोडायचं, चार ओळी लिहायच्या, कार्ड तसं वागायला लागतं. कॉलेजची मुलं त्यावर दिवे लुकलुकवायची. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने मला विचारलं होतं, "मुलाच्या प्रोजेक्टसाठी का?" मला त्यातली एक गोष्ट पचायला वेळ लागला. या कार्डाचं सर्किट, त्याचा नकाशा, त्याचा प्रोग्रॅम, सगळं उघडं होतं. ज्याला पाहिजे त्याने बघा, बनवा, बदला. सँडपेपर वापरून मोठ्या झालेल्या माणसाला हे जरा अश्लीलच वाटतं.

कल्पना सोपी होती. प्रत्येक स्टार्टरमध्ये एक कार्ड. प्रत्येकाला एक नंबर. वीज आली की एक नंबर आधी, मग थोडं थांबून दोन, मग तीन. शाळेतली पोरं रांगेने बाहेर सोडतात तसं.

पहिल्या महिन्यात कार्डांनी माझा दम काढला. हे कार्ड अभ्यासाच्या टेबलासाठी जन्मलेलं. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच, खटकन ओढला की त्याच्या ठिणगीने ते बावचळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. फिल्टर लावले, कार्डाची वीज वेगळी केली, पत्र्याच्या डबीत बसवलं. तेव्हा कुठे ते शेतात नांदायला लागलं.

खरी अडचण पुढे आली. शेवटचा नंबर कोणालाच नको होता.

"मागच्याला पाणी यायच्या आत लाइट गेली तर?" बाजीराव म्हणाले. ते वस्तीच्या पाणी मंडळाचे प्रमुख होते आणि त्यांना स्वतःसाठी एक नंबर पाहिजे होता.

"सगळ्यांत मिळून काही मिनिटांचा फरक आहे," मी म्हटलं.

"मग तुमचं काय जातंय मला एक नंबर द्यायला?"

उत्तर दिलं ते तात्यांनी. तात्या वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, बाजीरावांचे चुलते. कानाने कमी ऐकायचे, त्यामुळे वाद संपत आला की बोलायचे. "वाडवडलांच्या इहिरीवर पाण्याची पाळी फिरती व्हती," ते म्हणाले. "आज ह्याची पहिली, उद्या त्याची. इहीर एक व्हती, आता डीपी एक हाय. फरक काय झाला?"

फिरता नंबर म्हणजे माझं काम वाढलं. कार्डाला घड्याळ नव्हतं. मग असं केलं, की दर वेळी वीज आली की प्रत्येक कार्ड आपल्या आठवणीत एक आकडा वाढवणार आणि त्या आकड्यावरून आपला आजचा नंबर ठरवणार. या कार्डांत वीज गेली तरी न विसरणारी थोडी जागा असते, ती यासाठी वापरली. कार्डं एकमेकांशी बोलत नव्हती. पण सगळी एकच वीज मोजत होती, त्यामुळे सगळ्यांचा हिशेब जुळायचा. मी कागदावर दहा वेळा तपासलं. चूक नव्हती.

उद्घाटन झालं. मला नको होतं, पण पाणी मंडळाला बॅनर करायचा होता. त्यावर 'हायटेक वस्ती' असं लिहून खाली कार्डापेक्षा मोठे चेहरे छापले होते. तालुक्याचे एक पुढारी आले, त्यांनी विज्ञानाच्या वाटचालीवर भाषण केलं आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. टाळ्या मात्र पडल्या. मला शाल मिळाली. सय्यदभाई मागे उभे राहून म्हणाले, "बटण कशाला जोडलंय?" मी म्हटलं, "कशालाच नाही." त्यांनी फार समाधानाने मान हलवली.

हिवाळाभर आणि अर्धा उन्हाळा सगळं सुरळीत चाललं. वीज यायची, मोटारी एकामागून एक सुरू व्हायच्या, डीपी नुसती घुमायची. पाणी मंडळाने जाड तार मात्र काढली नव्हती. म्हणजे मी काढा म्हटलं होतं, त्यांनी बघू म्हटलं होतं.

मग तात्या गेले.

मी मातीला गेलो होतो. ऊन मरणाचं होतं. वस्तीची रीत अशी, की कोणी गेलं की त्या दिवशी सगळ्या वस्तीचं शेत बंद. भावकीतल्यांनी तिसऱ्या दिवशीच्या सावडण्यापर्यंत औत, पाणी काही करायचं नाही. आणि ज्या घरातला माणूस गेला, त्यांच्या सख्ख्या माणसांनी दहाव्यापर्यंत. पूर्वी यासाठी काही करावं लागत नसे. मोटारीकडे गेलं नाही, की मोटार बंद. आता ऑटो होते. माणूस ओसरीत बसून राहिला तरी त्याची मोटार आपोआप सुरू होऊन शेत भिजवणार. यावर मातीहून परत येतानाच चर्चा झाली.

"मशिनीला कसलं आलंय सुतक?" एकजण म्हणाला.

"मशिन कुणाची? पाणी कुणाच्या उसाला चाललंय?" बाजीराव म्हणाले. "मेन बंद करा."

म्हणून प्रत्येकाने आपापला मेन स्विच खाली ओढला. रीतीप्रमाणे कोणी एक दिवस, कोणी सावडण्यापर्यंत, कोणी दहाव्यापर्यंत.

एका जणीने ओढला नाही. तात्यांची सून, सुमन. तिचा नवरा विलास चाकणला कंपनीत कामाला. घरची शेती ती बघायची आणि सासऱ्याच्या मदतीने तिने टोमॅटोच्या रोपांची नर्सरी उभी केली होती. शेडनेटखाली ट्रे मांडलेले, प्रत्येक खळग्यात चिमूटभर कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, आणि एक रोप. अशा रोपाला जमीन नसते. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर ते संध्याकाळी मान टाकतं आणि दुसऱ्या दिवशी उचलत नाही. नारायणगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी रोपं सांगून ठेवली होती. तिने त्यांना दिलेला शब्द त्या ट्रेंवर अवलंबून होता.

वस्तीला हे दिसत होतं. सासरा गेलेला, घरात सुतक आणि नेटखाली फवारे चालू. बायका बोलल्या. पुरुष बोलले नाहीत, पण बाजीरावांनी दहाव्याला तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी उरलेले मेनही वर झाले. दुपारी थ्री फेज आली आणि डीपी जळाली.

तर त्या काळ्या डागाभोवती जी माणसं उभी होती, त्यांचं कारण आधीच ठरलेलं होतं: सुमनने सुतक मोडलं. त्यांना माझं कारण नको होतं. तरी मी लॅपटॉप घेऊन विहिरी-विहिरी फिरलो. प्रत्येक कार्डाला वायर लावून त्याच्या आठवणीतला आकडा बघितला. तिसऱ्या विहिरीवर मी थांबलो आणि तिन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडले.

आकडे जुळत नव्हते. मेन बंद असलेल्या कार्डाला वीज आलेली कळत नाही, त्यामुळे त्याची मोजणी थांबते. ज्यांनी एक दिवस बंद ठेवला ते थोडे मागे पडले. सावडण्यापर्यंतचे अजून मागे. दहाव्यापर्यंतचे सगळ्यांत मागे. कोण तात्यांच्या किती जवळचं, ते आकड्यांवरून सांगता आलं असतं. प्रत्येक कार्ड आपल्या हिशेबाने बरोबर नंबर लावत होतं आणि ते तिन्ही हिशेब एकमेकांवर पडून कितीतरी मोटारी एकाच वेळी उठल्या होत्या. सगळी वीज न चुकता मोजलेलं कार्ड एकच निघालं. सुमनचं.

संध्याकाळी पारावर बैठक भरली. पुरुष पारावर, बायका समोरच्या ओट्यावर. डोक्याचं मुंडण झालेला विलास टोपी सावरत बसला होता. मी कारण सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

बाजीरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या कार्डाला सुतक कळतं का?"

"नाही कळत."

"म्हणजे समद्यांनी सारखंच बंद ठेवलं असतं, तर जळाली नसती?"

"नसती."

"एका घरानं बंद ठेवलं न्हाई, म्हणून जळाली."

"तसं नाही. तुम्ही सगळ्यांनीही वेगवेगळे दिवस बंद ठेवलंत. तेवढ्यानेही जळाली असती. कार्डाचा दोष नाही, कोणाच्या घराचाही नाही. प्रोग्रॅमचा आहे आणि प्रोग्रॅम मी लिहिला."

हे खरं होतं. पण बाजीरावांना त्यातलं पाहिजे तेवढं आधीच मिळालं होतं. ते वळून सगळ्यांना म्हणाले, "ऐकलं का? सुतक मोडलं, डीपी गेली. भाऊंनी कॉम्प्युटरात बघून सांगितलं."

मी आयुष्यात बरीच कार्डं चुकीची बनवली असतील, पण माझं वाक्य इतकं चुकीचं जोडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

विलास उठला. "सुतक मोडलं कुणी?" तो म्हणाला. "ऑटो व्हता तो. आपोआप चालू झाला. तिनं हातसुदीक लावला न्हाई. दुःखात मेन बंद करायचं राहून गेलं, त्यात काय एवढं?"

चांगली वाट होती. सगळ्यांची सुटका करणारी. दोन-तीन माना हलल्यासुद्धा. भावकीला वाद नको होता, फक्त कोणीतरी वाकलेलं पाहिजे होतं. बाजीरावसुद्धा म्हणाले, "तसं असंल तर तसं सांगावं तिनं."

ओट्यावरून सुमन बोलली. उभी राहिली नाही, पदर सावरला नाही. "राहून गेलं न्हाई," ती म्हणाली. "मी बंद केला न्हाई. ठरवून."

"अगं..." विलास म्हणाला.

"तुमी थांबा. मामंजी आजारी पडल्यापासनं सकाळी आदी ट्रे बघायचे, मग च्या. शेवटच्या आठवड्यात उठता येत न्हवतं तर मला इचारायचे, रोपं उचलली का? त्यांचं कधी संपंल ते म्हाईत न्हवतं, पण रोपाला रोज पाणी लागतं ते म्हाईत व्हतं. मी मेनपाशी गेले व्हते त्या दिवशी. हात लावला व्हता. आन् तसाच ठिवून आले. ऑटोवर ढकलायचं न्हाई. ऑटोला काय कळतं?"

पारामागे कोणाची तरी म्हैस दावं ओढत होती.

मग बाजीरावांनी विचारलं, "रोपं हायेत का अजून?"

"आज दिवसभर पाणी न्हाई. कडेचे ट्रे गेले. मधले बघावे लागतील."

माफी कोणी मागितली नाही आणि चुकलं असंही कोणी म्हणालं नाही. बाजीराव उठले, टोपी झटकली आणि पोरांना हाक मारून ओढ्यापलीकडच्या आपल्या बोअरचा पाइप सोडायला सांगितला. ती बोअर दुसऱ्या डीपीवर होती. पाइप पुरेना, म्हणून आणखी दोघांनी आपापली गुंडाळी आणली. सुमन नेटखाली उभी राहून ट्रे दाखवत गेली. बाजीराव आत गेले नाहीत. बाहेर पाइपाच्या जोडाला हाताने दाबून बसून राहिले, कारण तिथे पाणी गळत होतं.

अर्ध्याहून थोडे जास्त ट्रे वाचले. बाकीच्यांसाठी तिने शेतकऱ्यांना स्वतः फोन केले. काहीजण थांबले, काहीजण दुसरीकडे गेले.

नवी डीपी आली तेव्हा मी दोन गोष्टी अटी म्हणून सांगितल्या. जाड तार काढायची आणि बॅनर लावायचा नाही. दोन्ही मान्य झाल्या. दुसरी जरा जड गेली.

प्रोग्रॅम मी पूर्ण बदलला. नंबर काढून टाकले, मोजणी काढून टाकली. आता प्रत्येक कार्ड सुरू होण्याआधी लाइनचा व्होल्टेज बघत राहतं. दुसरी कुठली मोटार उठत असली की व्होल्टेज खाली बसतो. तसा बसला तर हे कार्ड थांबतं, आणि किती थांबायचं ते दर वेळी वेगळं ठरवतं. लाइन शांत झाली की मग आपली मोटार लावतं. म्हणजे चार माणसांत बोलताना शहाणा माणूस करतो तेच. कोण हजर आहे, कोण सुतकात आहे, कोण कायमचा गेला, याची कार्डाला गरज उरली नाही. व्होल्टेज मोजण्याचा तुकडा मी लिहिलेला नाही. तो कुठल्या तरी परदेशी हौशी माणसाने स्वतःच्या पवनचक्कीसाठी लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता. मी माझा पूर्ण प्रोग्रॅम तसाच तिथे ठेवला. चिप घासल्या नाहीत. इतक्या वर्षांनी का होईना, त्या सँडपेपरचा हिशेब थोडा तरी कमी झाला असावा.

सगळ्यात शेवटी सुमनच्या विहिरीवर गेलो. कार्ड उघडून लॅपटॉप जोडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "माझं काढून टाका, भाऊ."

"आता तसं होणार नाही," मी म्हटलं. "हे नवीन आहे."

"झालं म्हणून न्हाई सांगत. हातानं चालू करायचा स्टार्टर द्या. आन् तो काटा द्या, व्होल्टेजचा. काटा खाली असला की थांबंन मी. कार्डाला जमतंय तर मला न जमाया काय झालं?"

"लाइट कधी येते याचा नेम नाही. दर वेळी यावं लागेल."

"येते की. मी इथंच असते." मग म्हणाली, "मोटार चालू झाली तर ती मी केली, असं मला सांगता आलं पाहिजे. बंद ठिवली तरीबी."

मी कार्ड काढलं. हाताचा स्टार्टर बसवला, व्होल्टमीटर बसवला. कार्ड परत नेऊन गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. सय्यदभाईंनी विचारलं, "खराब झालं का?" मी म्हटलं, "नाही. चांगलं आहे. गिऱ्हाईकाला नको."

आमच्या धंद्यात माहितीपत्रकावर एक वाक्य हमखास छापतात: या यंत्रणेमुळे मानवी हस्तक्षेप कमी होतो. मीही ते छापलं होतं. नंतरच्या छपाईत काढून टाकलं. आता नवं गिऱ्हाईक आलं की मी लोड किती, मोटार किती एचपीची, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, की ही मोटार चालू झाली तर ती कोणी चालू केली म्हणायचं? बहुतेक लोकांना वाटतं मी गंमत करतोय. जे विचार करून उत्तर देतात, त्यांना मी 'हात' आणि 'ऑटो' असा एक स्विच बसवून देतो आणि 'हात' ही बाजू आधी तपासतो.